गुडघा वगळता कुशल

पंधरा बाय वीसची एक खोली. तिच्यात मावतील तेवढ्या खुर्च्या, एक कॅरम, एक पाण्याचा माठ आणि कॉलनीतली सगळी सांधेदुखी. एवढीच आमची महत्त्वाकांक्षा होती. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमची त्रेपन्न घरांची कॉलनी आहे. तिच्यात निवृत्त माणसं इतकी, की सकाळी दहाला कुठल्याही घराची बेल वाजवा, माणूस सापडतो आणि जेवणवेळेपर्यंत सोडत नाही. या मंडळींना बसायला विरंगुळा केंद्र बांधायचं ठरलं, सरकारी निधी मंजूर झाला आणि बांधकाम समितीचा अध्यक्ष म्हणून माझी एकमतानं निवड झाली. एकमतानं झाली, कारण मी सभेला नव्हतो. अक्कलदाढ काढायला गेलो होतो. घरी आलो तर संयोगिता, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणाली की दाढेबरोबर आणखी काय काय काढून आलासा ते आता हळूहळू कळेल.

मी पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. चौतीस वर्षांत माझ्या हातून एकही मनीऑर्डर चुकीच्या घरी गेली नाही. एक गेली होती, पण घर बरोबर होतं, माणूस बदलला होता. तेव्हा एक खोली बांधणं म्हणजे काय मोठंसं, असं मला मनापासून वाटलं.

पहिला आठवडा सल्ल्यांत गेला. दार पूर्वेला हवं, दार पूर्वेला असेल तर सकाळचं ऊन डोळ्यांवर येतं, खिडकी कमी ठेवा म्हणजे वारं लागत नाही, खिडकी वाढवा म्हणजे बातम्या कळतात. शेजारचे उदयसिंहराव तर सल्ल्यासाठी स्वतःची खुर्ची घेऊन यायचे. ते बिद्रीच्या बाजूला एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीवर ते घड्याळ बघून बोलतात. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. खाली चकचकीत फरशी नको, कारण आमच्या वयाला ती बर्फासारखी. खाली लाल कोबा हवा, म्हणजे सिमेंटची जमीन, घोटून घोटून गुळगुळीत केलेली. आणि कोबा आकाराम मिस्त्रीचाच हवा.

आकाराम मिस्त्रीचा कोबा ही कोल्हापुरात नावाजलेली चीज आहे. वीस-बावीस वर्षं झाली तरी चीर नाही, पाय घसरत नाही, आणि वाकून बघितलं तर आपला चेहरा दिसतो. मिस्त्री दिसायला आडदांड, बोलायला फटकळ. बरोबर तीन माणसं आणणार असं त्यानं सांगितलं. केरबा नावाचा दुसरा गवंडी, आणि अंबूबाई आणि शांतव्वा या दोन बिगारी, म्हणजे घमेली उचलणाऱ्या बायका. शांतव्वा सीमेकडची, कन्नड माहेरची, पंचावन्नच्या आसपास, अंगानं काटकुळी. आकाराम तिला "ए शांते" म्हणून हाक मारायचा आणि ती त्याला "अण्णा" म्हणायची. ती त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे हे मला नंतर आधार कार्डावरून कळलं.

आधार कार्ड मला का बघावं लागलं, तर परिपत्रकामुळं. निधीबरोबर अकरा पानांचं एक परिपत्रक आलं होतं. सरकारी पैशाचं काम असेल तर मजुरांना सरकारनं ठरवलेल्या दरापेक्षा कमी मजुरी देता येत नाही, दर सगळ्यांना दिसेल असा फलकावर लावायचा, रोजची हजेरी ठेवायची, दर आठवड्याला मजुरी थेट मजुराच्या खात्यावर भरायची. यात कुचराई झाल्यास मुख्य नियोक्ता जबाबदार राहील. हा मुख्य नियोक्ता कोण बिचारा, म्हणून मी पानं उलटत शेवटच्या पानावर पोचलो. तिथं माझीच सही होती.

त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उदयसिंहराव खुर्ची घेऊन आले आणि त्यांनी धीर दिला, म्हणजे आणखी घाबरवलं. त्यांचं म्हणणं असं, की माणूस चुकला तर चालतं, मस्टर, म्हणजे हजेरीपट, चुकता कामा नये. मस्टरला खाडाखोड म्हणजे कपाळाला डाग. त्यांनी मला निळ्या शाईचं एक पेन भेट दिलं आणि काळ्या शाईपासून लांब राहायला सांगितलं. कारण विचारलं तर म्हणाले, कारण नसतंय, नियम असतोय.

सोमवारी काम सुरू झालं. लिंबाखाली टेबल टाकून, हजेरीचा फॉर्म पुढ्यात घेऊन मी बसलो. नाव, वय, पदनाम इथपर्यंत ठीक चाललं. पदनाम आकारामनं सांगितलं तसं लिहिलं. दोन गवंडी, दोन बिगारी. पाचव्या रकान्यात छापलं होतं: कुशल, अर्धकुशल, अकुशल, यांपैकी योग्य ते लिहा.

आता माझी बाजू ऐकून घ्या. मागच्याच पानावर पिण्याचं पाणी, औषधाची पेटी, उन्हात सावली असं सगळं मायेचं लिहिलेलं होतं. आणि चौतीस वर्षांत जी पोस्टकार्डं माझ्या डोळ्यांखालून गेली, त्यांतल्या दर तिसऱ्या कार्डावर इकडील सर्व कुशल असायचं. दुसऱ्याचं कार्ड वाचू नये हे मला मान्य आहे, पण डोळे मिटून शिक्का मारता येत नाही. तेव्हा तो शब्द बघून माझ्या मनात दुसरा अर्थ आलाच नाही. सरकार मजुरांची खुशाली विचारतंय हे बघून मला भरून आलं. अर्धकुशल म्हणजे सर्दी-पडसं वगैरे, असा मी अंदाज बांधला.

मी एकेकाला समोर बोलावून रीतसर विचारलं, "कुशल का?"

आकाराम म्हणाला, हाय की, आपल्याला काय धाड भरलीया. केरबा म्हणाला, गेल्या म्हैन्यात ताप येऊन गेला, आता झ्याक हाय. अंबूबाईनं बराच विचार केला. खोटं बोलायची तिची तयारी नव्हती.

"गुडघा सोडला तर कुशल हाय बगा मी," ती म्हणाली.

मीही तितकाच प्रामाणिक. तिच्या नावापुढं कुशल लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: गुडघा वगळता.

शांतव्वा शेवटी आली. पदर सारखा करून ती टेबलाशी उभी राहिली. मी विचारलं, तर लगेच उत्तर देईना. मला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा विचारलं.

"कुशल हाय की मास्तर," ती म्हणाली. "इचारलासा, बरं वाटलं. कोण इचारतंय?"

मी कुशल लिहिलं, तिचा अंगठा घेतला आणि निळ्या शाईत चार ओळींचा तो कागद दोन वेळा वाचून बघितला. अक्षर अगदी मोत्यासारखं आलं होतं. त्याच उत्साहात मी दरफलक स्वतः रंगवला. वर मजुरीचे दर, आणि खाली थोडी जागा उरली म्हणून लिहिलं: कामगार चार, सर्व कुशल. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून बरं वाटेल असा माझा हेतू होता.

शनिवारी मजुरी खात्यावर गेली. बँकेच्या तक्त्यात वर्ग लिहिला की दर आपोआप पडतो, त्यामुळं मला काही करावं लागलं नाही. सोमवारी अंबूबाई मोबाइल हातात घेऊन माझ्या दारात. बँकेनं चुकून जास्त टाकलेत, परत कुठं द्यायचे, असं तिनं विचारलं. मी तिला समजावलं की हा सरकारी दर आहे, आतापर्यंत तुम्हांला कमी मिळत होता. ती गेली ती देवाला नारळ फोडायला गेली. मला स्वतःविषयी इतका आदर याआधी फक्त निवृत्तीच्या समारंभात वाटला होता.

शांतव्वाला मोबाइल वाचता येत नव्हता. ती दुपारच्या सुट्टीत फलकाखाली येऊन उभी राहिली आणि तिनं मला विचारलं की माझं नाव हितं कुठं हाय. मी म्हणालो, फलकावर नावं नाहीत, नाव मस्टरमध्ये आहे. मग मस्टर दावा, म्हणाली. मी दाखवलं. चौथी ओळ. तिनं बोट न लावता, वरच्यावर बोट फिरवत ती ओळ बघितली आणि पाचव्या रकान्याशी थांबली.

"हितं काय लिवलंय?"

"कुशल."

"म्हंजे बरी हाय, आसं?"

इथं मी नुसता होकार देऊन थांबायला हवं होतं. पण पोस्टात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला शब्दाचा पत्ता नीट सांगायची खोड असते. मी म्हणालो, हो, बरी. तसा दुसराही अर्थ आहे. ज्याला आपलं काम उत्तम येतं, त्याला कुशल म्हणतात.

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि पुढच्या क्षणी मी पाचव्या रकान्याचं छापील शीर्षक पुन्हा वाचलं. सरकारनं विचारला होता तो हाच, दुसरा अर्थ.

शांतव्वा मस्टरकडं बघत राहिली. मग तिनं घमेलं उचललं आणि गेली. जाताना तिची मान रोजच्यापेक्षा जरा ताठ होती, एवढं मला दिसलं. मी घरी जाऊन परिपत्रक पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

बुधवारी निधी देणाऱ्या कार्यालयाचं पत्र आलं; मस्टरची नक्कल दर शनिवारी तिकडं जायची. शाखा अभियंता सुष्मिता मॅडमची सही होती. पत्र असं: आपल्या हजेरीपटानुसार कामावरील चारही मजूर कुशल असून एकही अकुशल नाही. सबब घमेली कोण उचलते याचा खुलासा करावा. तसेच अनुक्रमांक तीनसमोरील गुडघा वगळता या शेऱ्याचा बोध होत नाही. शुक्रवारी प्रत्यक्ष पाहणी करण्यात येईल. तत्पूर्वी हजेरीपट दुरुस्त करून ठेवावा, अन्यथा जादा दिलेली रक्कम मुख्य नियोक्त्याकडून वसूल करण्यात येईल.

उदयसिंहरावांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग ते हसायला लागले. मी गेली अकरा वर्षं त्यांच्या शेजारी राहतो, पण ते इतका वेळ कुठलंही काम करताना मी बघितलं नव्हतं. शेवटी त्यांच्या घरून पाणी आणि रक्तदाबाची गोळी आली. "मास्तर, आमच्या कारखान्यात ह्याला स्किल म्हणायचे," असं डोळे पुसत त्यांनी सांगितलं. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं. फिरायला निघालो तर गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत सात जणांनी मला काय मास्तर, कुशल, असं विचारलं. त्यातल्या एकालाही माझ्या तब्येतीत रस नव्हता. जोशी वकिलांनी तर गुडघ्याचीही चौकशी केली. मी टाकीपाशीच वळलो आणि मागच्या बोळानं घरी आलो.

संयोगिता हसली नाही, हे तिचे उपकार. ती म्हणाली, चूक झाली तर खोडा आणि बाजूला सही करा, त्यात काय जातंय. "मी आसतो तर तवाच खोडून मोकळी झालो आसतो," कोल्हापुरी बायकांच्या पुल्लिंगात ती म्हणाली. मी म्हणालो, माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत एकही खाडाखोड नाही. ती म्हणाली, मग आता एक करा, पेन्शनीत बसतीया.

आकारामला विचारलं, तर त्यानं चुटकीसरशी निकाल दिला. गवंडी कुशल, बिगारी अकुशल, बायका काय कधी कुशल असत्यात व्हय, खोडा आणि लिवा. अंबूबाईनं तर स्वतःच सांगितलं, मी घमेलंच उचलतो, मला खोडा, जादा पैसे बी कापा. ती ओळ मी खोडली. कपाळाला पहिला डाग लागला. तिच्या जादा पैशांची भर मी माझ्याच खिशातून केली. तिच्या गुडघ्याच्या तेलाला लागले असं समजलो.

राहिली शांतव्वा. गुरुवारी दुपारी मस्टर आणि निळं पेन घेऊन मी तिला शोधत गेलो. बाहेर नव्हती. पाया आधीच भरलेला, भिंती तयार ठोकळ्यांच्या, वर पत्रा, त्यामुळं खोली दहा दिवसांत उभी राहिली होती. त्या दिवशी आत कोबा चालला होता, आणि कोबा घोटताना आत कुणी यायचं नाही हा आकारामचा कडक नियम होता. वारं लागतं, धूळ बसते, नजर लागते, अशी तीन कारणं तो सांगायचा. दाराला पोत्याचा पडदा लावलेला होता. अध्यक्षाला नियम लागू नसतात या समजुतीनं मी तो पडदा बाजूला केला.

आत आकाराम मिस्त्री सिमेंटच्या पोत्यावर बसला होता. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता. आणि फळीवर गुडघे टेकून, डावा हात जमिनीवर पसरून, उजव्या हातातल्या थापीनं शांतव्वा कोबा घोटत होती. तिचा हात थांबत नव्हता. अर्धवर्तुळ, मग उलट अर्धवर्तुळ, मध्येच थांबून तळव्यानं जमीन चाचपायची, आणि डोकं न उचलता म्हणायची, पानी. आकाराम उठून दोन थेंब शिंपडायचा आणि पुन्हा बसायचा. तिच्या मागं लाल जमीन तयार होत होती आणि खिडकीचं सगळं आभाळ तिच्यात उतरलं होतं.

मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. आकारामनं मला बघितलं. तो बाहेर आला आणि मला लिंबाखाली घेऊन गेला. त्याचा आवाज मी प्रथमच हळू ऐकला.

"मास्तर, बघितलासा ते बघितलासा. भायेर बोलू नगा. तिचा बा चुन्याची जमीन घोटायचा, तिचा हात जलमाचा हाय. मला न्हाय येत. पर बाई माणसाच्या हातनं कोबा कोण घालून घेतंय? लोकं माझ्या नावानं येत्यात. नाव गेलं तर तिला बी काम न्हाय आन् मला बी न्हाय."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यानं तिला दुसऱ्या कुणाच्या कामावर जाऊ दिलं नव्हतं, पण एक दिवस बसवूनही ठेवलं नव्हतं. फक्त मजुरी बिगारीची दिली होती आणि नाव आपलं ठेवलं होतं.

हात धुऊन शांतव्वा आली. माझ्या हातातलं मस्टर आणि पेन बघून तिला सगळं कळलं. कॉलनीतलं हसणं तिच्याही कानावर गेलं असणार.

"खोडायला आलासा न्हवं? खोडा की," ती म्हणाली. "चुकून लिवलं आसंल, माहीत हाय मला. पर लिवलं हुतं तवा चार दीस लई बरं गेलं मास्तर."

मी पोस्टमास्तर माणूस. लोकांच्या बऱ्यावाईट बातम्या हातानं वाटल्या आणि कधी एक अडवून ठेवली नाही. त्या लिंबाखाली मात्र मला ती ओळ खोडवेना. मी पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं आणि घरी आलो. खोडलं का, असं संयोगितेनं विचारलं. मी नाही म्हणालो. वसुली माझ्या पेन्शनीतून होईल असंही सांगितलं. तिनं चहा ठेवला आणि त्यात आलं जरा जास्त घातलं.

शुक्रवारी अकराला सुष्मिता मॅडम आल्या. डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात टेप, वय माझ्या मुलीएवढं. कॉलनीतले सगळे निवृत्त सहज फिरत फिरत तिथं आले होते. उदयसिंहराव खुर्चीसकट आले होते. मॅडमनी भिंती मोजल्या, केरबाकडून एक कोपरा ओळंब्यानं तपासून घेतला, मग मस्टर उघडलं. अंबूबाईच्या खोडलेल्या ओळीवरचा शेरा वाचून त्यांनी तिला गुडघ्याला कोणत्या डॉक्टरकडं जाता, असं विचारलं. मग चौथ्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

पदनाम बिगारी आणि वर्ग कुशल, दोन्ही कसं, असं त्यांनी विचारलं. ही ओळ दुरुस्त करायला कळवलं होतं, ती चूक तशीच का ठेवली.

"लिहिताना चूक होती," मी म्हणालो. "आता नाही."

याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. अर्थ सांगायचा तर आकारामचं नाव जाणार, आणि न सांगावा तर शांतव्वाचा शब्द जाणार. सगळी कॉलनी माझ्या तोंडाकडं बघत होती. आयुष्यात प्रथमच एक पत्र माझ्या हातात होतं आणि ते कुणाला द्यायचं हे मला कळत नव्हतं.

मॅडम तरुण असल्या तरी कामाला पक्क्या होत्या. त्या म्हणाल्या, वर्ग नावावरून ठरत नाही, कामावरून ठरतो. ही बाई काय काम करते ते दाखवा, विषय संपला. मग त्यांची नजर कोब्याकडं गेली. त्या वाकल्या, हातानं जमीन बघितली, आणि असा कोबा आपण अजून बघितला नाही असं म्हणाल्या. दारापाशी हातभर पट्टा राहिला होता. आकारामनं सकाळीच तिथं माल टाकून ठेवला होता, ती नेमकी घोटायची वेळ होती. मॅडमनी थापी उचलून आकारामपुढं धरली आणि म्हणाल्या, मिस्त्री, जरा दाखवा तरी, हे करता कसं.

आकारामनं थापी घेतली. पट्ट्यापाशी उकिडवा बसला. त्याला चार हात मारून वेळ मारून नेता आली असती, समोर जमलेल्यांत कुणाला त्यातलं कळत होतं? त्यानं थापी टेकवलीही. मग त्यानं मान वर करून शांतव्वाकडं बघितलं. ती नेहमीच्या जागी, घमेल्यांशेजारी, खाली बघत उभी होती.

तो उठला.

"मॅडम, कोबा मला येत न्हाय," तो म्हणाला. "बावीस वर्सं झाली, कोल्हापुरात माझ्या नावाचा जेवढा कोबा हाय, तेवढा समदा हिनं घोटलाय. मी पानी मारतो."

उदयसिंहरावांनी घड्याळ बघितलं, कारण दुसरीकडं कुठं बघावं ते त्यांना सुचलं नसावं. आकारामनं थापी शांतव्वापुढं धरली. ती घेईना. अण्णा, कशाला, असं काहीतरी पुटपुटली. त्यानं हात मागं घेतला नाही. शेवटी तिनं थापी घेतली, पदर खोचला आणि फळीवर गुडघे टेकले. पहिल्या दोन फिरवण्यांना ती आमच्याकडं चोरून बघत होती. तिसऱ्याला ती आम्हांला विसरली. थोड्या वेळानं तिनं डोकं न उचलता पानी म्हटलं, आणि त्रेपन्न घरांच्या देखत आकाराम मिस्त्रीनं वाकून दोन थेंब शिंपडले.

मॅडमनी स्वतःच्या पेनानं पाचव्या रकान्यासमोर तपासलं असं लिहून सही केली. पेन काळ्या शाईचं होतं, तरी उदयसिंहरावांनी ते चालवून घेतलं. आता पदनाम बदलायला हवं होतं. इथं माझी विद्वत्ता उफाळून आली. मी म्हणालो, गवंडी हा पुरुषवाचक शब्द, बाईला गवंडीण म्हणावं, तर त्याचा अर्थ गवंड्याची बायको होतो, तेव्हा शब्दाचा जरा विचार करावा लागेल. मॅडमनी शांतव्वालाच विचारलं, काय लिहू.

"गवंडी लिवा की," ती म्हणाली. "मी गेलो, मी आलो म्हंतोच की आमी बायका. त्याला काय हुतंय?"

या युक्तिवादाला कोल्हापुरात तरी उत्तर नाही. मी बिगारी खोडून गवंडी लिहिलं आणि बाजूला सही केली. माझी दुसरी खाडाखोड. तिच्यावर मी जरा मोठीच सही केली.

विरंगुळा केंद्राचं उद्घाटन पुढं कधीतरी झालं, त्याचं काही नाही. पण रंगाचं काम चालू असताना एक दिवस रंकाळ्याच्या बाजूचा एक गृहस्थ मोटारीनं आला. नव्या बंगल्याच्या देवघरात त्याला लाल कोबा घालायचा होता. त्यानं चपला काढून आतली जमीन बघितली, खूश झाला आणि आकाराम मिस्त्री कोण म्हणून विचारलं. आकाराम बाहेर माल कालवत होता. तो आला. मी कान टवकारले. शुक्रवारी सगळ्यांच्या देखत बोलला होता, ते वेगळं होतं. आज समोर गिऱ्हाईक होतं, आणि गिऱ्हाईकाला काहीच माहीत नव्हतं.

"मिस्त्री मीच," आकाराम म्हणाला. "पर कोब्याचं त्येंच्याशी बोला." आणि त्यानं मान वळवून हाक मारली, "शांतव्वा, जरा येतासा का? पावणं आल्यात."

बावीस वर्षांत त्यानं तिला अहोजाहो केलेलं कुणी ऐकलं नव्हतं. तिनंही नसावं, कारण ती आधी मागं वळून बघायला लागली की आणखी कोण शांतव्वा आलीय. मग हात पदराला पुसत आली. गृहस्थानं तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग जमिनीकडं बघितलं, मग पुन्हा तिच्याकडं. देवघर दहा बाय बारा आहे, माल चांगला वापरणार आहे, कधी येणार, किती घेणार, असं त्यानं सगळं एका दमात विचारलं.

शांतव्वानं पूर्ण ऐकून घेतलं. घाई केली नाही.

"ते समदं हुईल," ती म्हणाली. "आदी सांगा पावणं, मस्टरला मला काय म्हणून लिवणार?"